फायबरग्लासच्या कामातला कॅटॅलिस्ट: त्याची गाठ फक्त रेझिनशीच पडू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फायबरग्लासचं काम नव्यानं सुरू केलंय. पॉलिएस्टर रेझिनसोबत पाण्यासारख्या द्रवाची एक छोटी बाटली 'कॅटॅलिस्ट' म्हणून मिळाली आणि गडद जांभळ्या द्रवाची दुसरी 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणून. कॅटॅलिस्टच्या बाटलीवर ज्वाळेचं चिन्ह आहे, पण देणारा म्हणाला, "काही होत नाही, सगळे वापरतात." हे खरंच किती धोक्याचं आहे, थंडीत जास्त टाकलं तर चालतं का, उरलेलं कुठे ठेवायचं, आणि एक जुनी बाटली फुगल्यासारखी दिसतेय तिचं काय करायचं?

फुगलेल्या बाटलीचं आधी सांगतो, कारण ते थांबणारं नाही. तिचं झाकण उघडू नका. दाबून बघू नका, हलवू नका. लांबूनच पाहा: फुसफुस आवाज येतोय का, धूर किंवा वाफ दिसतेय का, आतल्या द्रवाचा रंग बदललाय का, बुडबुडे येताहेत का. यातलं एक जरी दिसलं तरी सगळ्यांना बाहेर काढा, स्वतः बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करताना "ऑरगॅनिक पेरॉक्साइड आहे" (कॅटॅलिस्ट ज्या रसायनांच्या गटात मोडतो त्याचं नाव) असं स्पष्ट सांगा. यातलं काहीच नसेल तर त्या खोलीतलं काम थांबवा, ऊन आत येत असेल तर ते अडवा, हीटर चालू असेल तर बंद करा, आणि पुरवठादाराला फोन लावा. त्या मालाच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे सुरक्षिततेच्या माहितीपत्रकावर, तातडीचा नंबर असतो, तो यासाठीच. ते झाकण सैल करायला म्हणाले तरच, तेही गॉगल, त्यावर फेस शील्ड आणि हातमोजे घालून, तोंड बाजूला ठेवून, पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं. हे मार्गी लागलं की पुढचं वाचा.

पंचवीस वर्षं माझी मॅट (काचेच्या धाग्यांची चादर), रेझिन आणि साच्यांमध्ये गेली आहेत. या काळात जे अपघात पाहिले, त्यातले बहुतेक एकाच कारणानं झाले: कॅटॅलिस्ट रेझिनशिवाय दुसऱ्या कशाच्या तरी संपर्कात आला. कधी डोळ्याच्या, कधी कोबाल्टच्या, कधी चिंध्यांच्या, कधी उन्हाच्या. म्हणून मी नव्या माणसाला नियमांची यादी देत नाही. एकच गोष्ट सांगतो: या द्रवाची गाठ फक्त रेझिनशी पडली पाहिजे, तीही मोजून. बाकी सगळं त्यातून निघतं.

आधी हा द्रव म्हणजे काय ते बघू. सगळे त्याला कॅटॅलिस्ट म्हणतात, काही जण हार्डनर म्हणतात, आणि मीही बोलताना तेच म्हणतो. पण रसायनशास्त्राच्या भाषेत तो कॅटॅलिस्ट नव्हे. खरा उत्प्रेरक अभिक्रिया घडवून स्वतः तसाच राहतो. हा खर्ची पडतो, तुटतो. पॉलिएस्टरसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे एमईकेपी, पूर्ण नाव मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि हा जोड कच्चा असतो. तो तुटला की अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात, ते रेझिन आणि त्यातल्या स्टायरीनचे रेणू एकमेकांत गुंफायला सुरुवात करतात, आणि रेझिन जेल होऊन मग दगडासारखं घट्ट होतं. म्हणजे आपल्याला हवं असलेलं काम आणि ज्याची भीती वाटते तो स्फोट, या दोन्हींच्या मुळाशी हाच कच्चा जोड आहे. फरक एवढाच की तो कुठे तुटतो, किती वेगानं तुटतो आणि निघालेली उष्णता कुठे जाते.

शुद्ध एमईकेपी धक्क्यानं किंवा घर्षणानं फुटणारं स्फोटक आहे. म्हणून तो शुद्ध स्वरूपात विकत नाहीत. बाजारात येतो तो थॅलेटसारख्या तेलकट, शांत द्रवात पातळ करून. लेबलवर 'अ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन' असा आकडा असतो, नेहमीच्या मालात तो साधारण ९ टक्के असतो. बाटली सांभाळण्याजोगी आहे ती या पातळ करण्यामुळे. तो द्रव उडून गेला, काढून टाकला किंवा भलत्याच कशात मिसळला, तर ती सुरक्षितताही गेली. अर्धा लाल, अर्धा पिवळा, खाली ५.२ असा आकडा असलेला चौकोन खोक्यावर दिसेल. हा ऑरगॅनिक पेरॉक्साइडचा वाहतुकीचा वर्ग आहे. ९ टक्केवाल्या मालावर बऱ्याचदा यूएन ३१०५ हा क्रमांक असतो.

"सगळे वापरतात, काही होत नाही" या वाक्याला उत्तर म्हणून टोकियोचं उदाहरण देतो. १४ जुलै १९६४ रोजी शिनागावा भागातल्या एका गोदामात नायट्रोसेल्युलोजला आग लागली. आग विझवायला जवान पोहोचले, आणि ती शेजारी साठवलेल्या एमईकेपीपर्यंत गेली. झालेल्या स्फोटात आग विझवणाऱ्या १९ जणांचा जीव गेला. तुमच्याकडे अर्धा लिटर आहे, गोदाम नाही, हे मला मान्य आहे. पण द्रव तोच आहे, आणि तुमच्या आणि त्याच्या मधलं अंतर एका हाताचं आहे.

आता ती जांभळी बाटली. ती कोबाल्टची आहे, कोबाल्ट ऑक्टोएट किंवा नॅफ्थनेट. तिचं काम पेरॉक्साइडचा तो कच्चा जोड साध्या तापमानालाच तोडायचं. रेझिनच्या एक किलोत ती मोजून मिसळलेली असते तेव्हा हे काम शिस्तीत होतं, कारण पसरलेलं रेझिन उष्णता शोषून घेतं. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांना भेटले तर उष्णता शोषायला मध्ये कोणीच नसतं. सगळा पेरॉक्साइड एकदम तुटतो. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. फायबरच्या कामातला हा सगळ्यात मोठा धोका आहे, आणि दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायची सवय जवळपास प्रत्येकाला असते.

मी शिकाऊ होतो तेव्हाचं सांगतो. शेडमध्ये मोजायला दोन सारखेच छोटे प्लास्टिकचे ग्लास होते. एक कोबाल्टचा, एक कॅटॅलिस्टचा. कोबाल्टचा ग्लास कोणीतरी फडक्यानं पुसून ठेवला होता, त्यामुळे वरवर दोन्ही स्वच्छ दिसत होते. फक्त एकाच्या तळाच्या कडेला जांभळी रेघ उरली होती, नखाएवढीसुद्धा नाही. माझ्यासोबतच्या माणसानं त्यात कॅटॅलिस्ट ओतला, जेमतेम १५ मिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तळाशी हिरवट धागा फिरला, द्रव फसफसला, आणि त्यानं ग्लास टाकेपर्यंत पांढरा, घशाला झोंबणारा धूर उसळला होता. टेबलावरच्या कागदानं पेट घेतला. त्याचा हात भाजला, चेहरा थोडक्यात वाचला. ती जांभळी रेघ मला अजून तशीच्या तशी आठवते.

त्या दिवसापासून माझ्याकडे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट वेगवेगळ्या कपाटांत असतात, शक्यतो वेगळ्या खोल्यांत. मापं वेगळ्या आकाराची, एक गोल तर एक चौकोनी, म्हणजे हाताला न बघताही कळतं. ढवळायच्या काड्या वेगळ्या. क्रम ठरलेला: आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, तो पूर्ण मिसळेपर्यंत दोन-तीन मिनिटं कडा आणि तळ खरवडत ढवळायचं, रेझिन सगळीकडे एकसारखं गुलाबी-जांभळट दिसलं पाहिजे. कोबाल्टची बाटली बंद करून तिच्या जागी परत. मगच कॅटॅलिस्ट बाहेर काढायचा. कॅटॅलिस्ट पडला की रंग हिरवट-तपकिरीकडे झुकतो, ती मिसळल्याची खूण समजा. जमत असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं, म्हणजे प्री-प्रमोटेड रेझिन घ्या. नवशिक्यानं तर तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. जांभळी बाटली घरात नसलीच तर तिच्यानं होणारा अपघातही नाही.

अ‍ॅसिटोनचंही तसंच. ब्रश, रोलर धुवायला ते लागतंच, पण कॅटॅलिस्ट 'जरा पातळ करायला' म्हणून त्यात अ‍ॅसिटोन घालणारे लोक मी पाहिले आहेत. कधीही करू नका. अ‍ॅसिटोनचा पेरॉक्साइडशी संबंध आला की अत्यंत अस्थिर स्फोटक पदार्थ तयार होण्याची शक्यता असते. गंज, तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, आम्ल, अल्कली, लाकडाचा भुसा, यातलं काहीही त्याला लागता कामा नये. धातू आणि अशुद्धी विघटनाचा वेग वाढवतात, भुसा आणि चिंध्या जळणाला इंधन देतात. माप, नळी, फनेल जे काही वापराल ते पॉलिथिलीनचं असू द्या. आणि एकदा बाटलीबाहेर काढलेला कॅटॅलिस्ट, कितीही स्वच्छ दिसला तरी, परत बाटलीत ओतायचा नाही. मापात काय होतं याची खात्री कोणालाच देता येत नाही, आणि चुकलात तर एका मापाऐवजी अख्खी बाटली बिघडते.

डोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर तो बुबुळाचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जाळतो. दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि याचं एक क्रूर वैशिष्ट्य आहे: डोळा बरा झाल्यासारखा वाटून वर्षांनंतर कॉर्नियाचा दाह पुन्हा उफाळलेले रुग्ण वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. म्हणून इथे 'बघू काय होतं ते' असं चालत नाही.

थेंब डोळ्यात जातो कसा, ते जवळून पाहिलं तर सावध राहणं सोपं जातं. बाटलीतून ओतून झाल्यावर तोंडाच्या आट्यांमध्ये द्रवाचं एक बारीक कडं अडकून राहतं. झाकण फिरवताना ते दाबलं जातं आणि एखादा थेंब बाहेर उडतो, आणि त्या वेळी तुम्ही झाकण नीट बसतंय का ते पाहायला वाकलेले असता. दुसरा प्रकार दाबून मोजायच्या बाटलीचा. तिची नळी अडली असेल तर आपण जोरानं दाबतो, ती अचानक मोकळी होते आणि चिळकांडी वर येते. तिसरा, फार नेहमीचा: माप डोळ्यांच्या रेषेत उचलून धरून मिलीची खूण बघणं. माप टेबलावर ठेवा आणि तुम्ही खाली वाका, तेही गॉगल घालून. गॉगल म्हणजे कडेनं बंद असलेला केमिकल गॉगल. नंबरचा चष्मा चालत नाही, ग्राइंडिंगचा उघड्या बाजूंचा चष्माही नाही. मी बाटलीला हात लावायच्या आधी गॉगल चढवतो आणि बाटली कपाटात गेल्यावरच काढतो.

तरीही गेलाच थेंब, तर मोजायचे ते सेकंद. ताबडतोब साधं, स्वच्छ, वाहतं पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून, डोळा सगळीकडे फिरवत, किमान १५ मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर पाणी चालू ठेवूनच काढा. दूध नको, लिंबू नको, सोडा नको, कुठलेही थेंब नकोत. १५ मिनिटांनंतर बरं वाटत असलं तरी थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत घेऊन. आयवॉशच्या, म्हणजे डोळे धुवायच्या फवाऱ्याच्या, अमेरिकी मानकात तो १० सेकंदांत पोहोचता येईल इतका जवळ असावा असं म्हटलंय, आणि हा आकडा मला अनुभवानं पटतो. डोळे मिटलेल्या, कळवळणाऱ्या माणसाला जास्त चालता येत नाही. आयवॉश नसेल तर नळाला जोडलेली मऊ नळी कामाच्या टेबलाशेजारी हवी, आणि तिच्यापर्यंतच्या वाटेत रेझिनचे डबे नकोत. एकदा डोळे मिटून चालून बघा, खरंच.

तितकंच गंभीर म्हणजे पोटात जाणं. द्रव रंगहीन आहे. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कॅटॅलिस्ट भरून ठेवणं हा मी अक्षम्य गुन्हा समजतो. एक घोट अन्ननलिका आणि पोट जाळतो, यानं माणसं दगावली आहेत. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, वर येताना तो पुन्हा जाळतो. तोंड पाण्यानं धुवा आणि तडक रुग्णालय गाठा.

त्वचेवर पडला तर भरपूर पाणी आणि साबण, भिजलेला कपडा लगेच काढायचा. हातमोजे ब्युटिल, निओप्रीन किंवा जाडसर नायट्राइलचे घ्या, आणि पातळ नायट्राइल वापरत असाल तर थेंब पडला की बदला. त्यातून अ‍ॅसिटोन तर काही मिनिटांत आरपार जातं. एमईकेपीच्या वाफेसाठी एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेची मर्यादा ०.२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.२ भाग) आहे, आणि ती दिवसाची सरासरी नव्हे, क्षणभरही ओलांडायची नाही अशी. हातानं थर देताना वाफेचा मोठा भाग स्टायरीनचाच असतो. त्याचा वास फार कमी प्रमाणातही येतो, पण नाक लवकर सरावतं, तेव्हा 'आता वास येत नाही' याचा अर्थ हवा शुद्ध झाली असा घेऊ नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या २ए गटात टाकलं. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचाच हवा. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून पंखा हवा खालून बाहेर ओढेल असा बसवा.

थंडीत जास्त टाकावं का? नाही. सविस्तर सांगतो, कारण सगळे इथेच चुकतात.

बहुतेक पॉलिएस्टरला वजनाच्या १ ते २ टक्के कॅटॅलिस्ट लागतो. नेमका आकडा रेझिनच्या तांत्रिक पत्रकावर असतो, तो माझ्यापेक्षा खरा. एक किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे १५ ग्रॅम. एमईकेपी पाण्यापेक्षा थोडा जड, एक मिलीचं वजन साधारण १.१ ग्रॅम, म्हणजे १३-१४ मिली झाले. अंदाजानं, झाकणानं, 'दोन धारा' असं मोजू नका. १०० ग्रॅम रेझिनला एक टक्का म्हणजे फक्त एक ग्रॅम, त्यात चार थेंब इकडेतिकडे झाले तरी प्रमाण बरंच हलतं. त्यामुळे अगदी छोटे घाणे टाळा, आणि लागलाच तर सुई न लावलेली प्लास्टिकची सिरिंज त्याच कामासाठी राखून ठेवा.

आता जास्त टाकलं तर काय होतं बघा. तीन-चार टक्के टाकल्यावर रेझिन लवकर जेल होतं, म्हणून माणसाला वाटतं काम झालं. पण त्या जादा कॅटॅलिस्टसोबत आलेलं थॅलेट लॅमिनेटमध्येच, म्हणजे मॅट आणि रेझिनच्या घट्ट झालेल्या थरातच, राहतं आणि त्याला मऊ करतं. न तुटलेला पेरॉक्साइडही आत अडकतो. शिवाय उष्णता एकदम निघाल्यानं तडे जातात, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) सुरकुततो, तुकडा वाकतो. कमी टाकलं तरी नुकसानच: एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन कधीच पुरतं पिकत नाही, आणि नंतर गरम करूनही ते भरून निघत नाही. खोली १५-१६ अंशांच्या खाली असेल तर खोली, साचा आणि रेझिन गरम करा. रेझिनचा डबा आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवला तरी मोठा फरक पडतो. उघडी ज्वाळा नको, स्टायरीन साधारण ३१ अंशांनाच पेटण्याजोगी वाफ देतं. आणि कॅटॅलिस्ट मात्र कधीही, कशानंही गरम करायचा नाही.

मिसळायच्या मगात उरलेल्या रेझिनचं वेगळं सांगायला हवं. साच्यावर पसरलेलं रेझिन उष्णता बाहेर टाकतं. मगात उरलेलं पाव किलो तीच उष्णता आत साठवतं. तापमान वाढलं की अभिक्रिया वाढते, ती वाढली की तापमान आणखी चढतं. १५० अंशांच्या पुढे जाणं साधी गोष्ट आहे. संध्याकाळी काम आटोपताना उरलेला मग चिंध्या आणि मॅटच्या कात्रणांच्या पिंपात टाकला आणि सगळे घरी गेले, अशी सुरुवात झालेली आग मी पाहिली आहे. जेल व्हायला लागलेलं रेझिन पत्र्यावर पातळ पसरून मोकळ्या हवेत ठेवा. रेझिनचा मग धुमसायलाच लागला आणि उचलता येण्याजोगा असेल तर बाहेर नेऊन त्यावर पाणी भरा. थंड, कडक झाल्याशिवाय कचऱ्यात काही जात नाही. दिवसाच्या शेवटी शेडमध्ये थांबून हे बघायला एक माणूस नेमून द्या.

व्हिनाइल एस्टर हे दुसऱ्या प्रकारचं रेझिन वापरणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या: साध्या एमईकेपीनं त्यात फेस येतो. ते उकळणं नव्हे, त्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे वायू निघतो. त्यासाठी वेगळा कॅटॅलिस्ट येतो. फेस बसवायला म्हणून वरून काही टाकत बसू नका.

साठवण. मूळ बाटली, मूळ झाकण, सावली, ३० अंशांच्या खाली, आणि शक्य असेल तर २५ च्या. पेरॉक्साइड नुसता ठेवला तरी हळूहळू तुटत असतो आणि वायू सोडतो, म्हणून मूळ झाकणाला वायू बाहेर जायला बारीक वाट असते. तुमची जुनी बाटली फुगली असेल तर बहुधा झाकण बदललंय, ती वाट रेझिननं बुजलीय, बाटली तापलीय किंवा आत काही गेलंय. प्रत्येक पेरॉक्साइडला एक तापमान असतं, त्याच्या वर गेलं की तो आपल्याच उष्णतेनं तुटत जातो आणि मग थांबवता येत नाही. एमईकेपीच्या नेहमीच्या मालाला ते ६० अंशांच्या आसपास असतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर, तेवढं सहज होतं. ठिणगी लागतेच असं नाही, नुसती उष्णता पुरते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुरात टेक्सासमधल्या क्रॉस्बी इथल्या कारखान्याची वीज गेली, शीतगृह बंद पडलं, आणि तिथले ऑरगॅनिक पेरॉक्साइड आपोआप तापून पेटले. ते थंडच ठेवावे लागणारे प्रकार होते, आपला त्यामानानं सोशिक आहे. पण म्हणून खाण्याच्या फ्रीजमध्ये त्याला जागा नाही. कामाच्या जागी दिवसाला लागेल तेवढाच आणा.

सांडला तर चिंधी, कागद, भुसा नको. कोरडी वाळू, परलाइट किंवा वर्मिक्युलाइट टाका, प्लास्टिकच्या फावड्यानं गोळा करा, पाण्यानं ओलं करून शेडबाहेर ठेवा. चुकून चिंधी वापरलीत तर ती लगेच पाण्यात बुडवा. वाळत पडलेली कॅटॅलिस्टची चिंधी आपणहून पेट घेऊ शकते. आगीत पेरॉक्साइड स्वतःचा ऑक्सिजन सोबत आणतो, त्यामुळे नुसतं झाकून तो विझेल यावर विसंबू नका. अगदी छोटी असेल तर पावडर किंवा फोम, आणि नंतरही थंड करत राहायला भरपूर पाणी. बाटल्यांच्या साठ्यापर्यंत आग पोहोचत असेल तर तुम्ही विझवायची नाही, लांब जायचं.

पुट्टीसोबत जी रंगीत पेस्टची ट्यूब येते ती बेंझॉइल पेरॉक्साइडची, साधारण ५० टक्के. ती बरीच शांत असते, पण हाच पदार्थ कोरड्या भुकटीच्या रूपात घर्षणानं फुटू शकतो. ट्यूबच्या तोंडाशी वाळलेली खपली धातूच्या पात्यानं खरवडू नका. त्याचा अ‍ॅक्सिलरेटर अमाइन असतो, आणि कोबाल्टचा नियम त्यालाही तसाच लागू आहे. इपॉक्सी या वेगळ्या रेझिनमध्ये यातलं काहीच चालत नाही. तिचा हार्डनर पूर्ण वेगळा, प्रमाणही वेगळं.

आता परत त्या जुन्या बाटलीकडे. पुरवठादारानं ती सुरक्षित असल्याचं सांगितलं तरी वापरू नका. तिच्यात काय झालंय हे माहीत नाही, आणि तिच्यानं केलेल्या लॅमिनेटचा भरवसाही नाही. गटारात ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या बाटलीत काढू नका, आणि 'जाळून टाकू' असं तर मनातही आणू नका. घातक रसायनांचा कचरा घेणारी यंत्रणा किंवा पुरवठादार यांच्याकडेच ती द्यायची. पुरवठादारानं हलवायला हरकत नाही म्हटलं असेल तर ते येईपर्यंत सावलीत, उभी, एकटी, पसरट प्लास्टिकच्या ट्रेमध्ये राहू द्या, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'पेरॉक्साइड, उघडू नये'. रिकाम्या बाटल्याही त्याच वाटेनं जातात. पुढची बाटली घेताना जेवढी दोन-तीन महिन्यांत संपेल तेवढीच घ्या, आणि घरी आली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा.